अंगणातलं डांबर

नागपुरात मे महिन्यात डांबरी पार्किंगमध्ये मोटारसायकल लावणारा माणूस आधी खाली बघतो. फरशीचा तुकडा, लोखंडी पट्टी, नाहीतर एखादा चपटा दगड शोधतो आणि स्टँड त्यावर टेकवतो. जो विसरतो त्याची गाडी दुपारी डाव्या अंगावर पडलेली सापडते आणि स्टँडच्या जागी डांबरात बोट जाईल एवढं भोक. सोसायटीच्या बैठकीत मग ठेकेदाराच्या नावाने ओरड होते. ठेकेदाराचं चुकलं असेलही. पण त्या भोकात डांबराचा स्वभाव उघड दिसतो. बंगल्याचा रॅम्प, कारखान्याचं आवार, दवाखान्याचं पार्किंग या जागा रस्त्यापेक्षा वेगळ्या रीतीने का खराब होतात, याचं उत्तरही तिथूनच सुरू होतं.

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. ही नोंद सावलीतली, जमिनीपासून चार फूट उंचीवरची, हवा खेळती राहील अशा पेटीतली. उन्हात पडलेल्या काळ्या थराची गोष्ट निराळी. हवेचं तापमान आणि गावाचा अक्षांश यांवरून डांबरी थराचं तापमान काढण्याचं एक सूत्र अमेरिकेतल्या सुपरपेव्ह पद्धतीत आहे. त्यात नागपूरचा अक्षांश आणि ४५ अंशांची दुपार घातली, तर पृष्ठभागाखाली २ सेंटिमीटरवर साधारण ६७ अंश येतात. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं डांबर व्हीजी-३० प्रतीचं. भारतीय मानकाप्रमाणे त्याचा मृदुबिंदू निदान ४७ अंश असावा लागतो. म्हणजे उन्हाळ्यात नागपूरच्या उघड्या पार्किंगमधलं डांबर दिवसाचे कित्येक तास या बिंदूच्या बरंच वर असतं.

हा मृदुबिंदू काढतात कसा, ते स्थापत्य अभियांत्रिकीच्या कुठल्याही प्रयोगशाळेत बघायला मिळतं. पितळेच्या छोट्या कडीत डांबर ओतून गार करतात. त्यावर साडेतीन ग्रॅमची पोलादी गोळी ठेवतात, कडी पाण्यात सोडतात आणि पाणी मिनिटाला ५ अंश या गतीने तापवतात. बराच वेळ काहीच होत नाही. मग गोळीखालचं डांबर पोट काढू लागतं, गोळी त्यात गुरफटून खाली येते आणि २५ मिलिमीटर खालच्या पट्टीला टेकते. त्या क्षणीचं तापमान हा मृदुबिंदू. साडेतीन ग्रॅमची गोळी ज्याला झेपत नाही, त्याच्यावर आपण दहा-बारा क्विंटलची मोटार उभी करतो.

मग मोटार खचत का नाही? कारण वजन डांबर पेलत नाही, गिट्टी पेलते. चांगल्या डांबरी मिश्रणात डांबर वजनाने शेकडा पाच-साडेपाचच असतं. बाकी सगळी गिट्टी, चुरी आणि बारीक भुकटी. दगडाला दगड टेकलेला असतो आणि डांबर त्यांना जागच्या जागी धरून ठेवतं. मोटारीच्या चाकात ३२ पीएसआय हवा असते, म्हणजे जमिनीवर दाब पडतो चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. तो दाब तळहाताएवढ्या जागेत पसरतो आणि गिट्टीच्या बऱ्याच दाण्यांवर वाटला जातो. स्टँडचं टोक मात्र दोन दाण्यांच्या फटीत मावतं. तिथे त्याला थोपवायला मऊ झालेल्या डांबराशिवाय कोणी नसतं.

दुसरी गोष्ट वेळेची. डांबराला भार किती, याइतकंच तो किती वेळ आहे हेही जाणवतं. हातोडा मारला तर थंड डांबर काचेसारखं फुटतं, आणि तेच डांबर टेकून ठेवलं तर वाहू लागतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये डांबराच्याच कुळातला पिच एका काचेच्या नरसाळ्यात भरून ठेवला होता. तो अजूनही थेंबाथेंबाने गळतो आहे. नववा थेंब पडायला २०१४ साल उजाडलं. ६० किलोमीटरच्या वेगाने धावणारं चाक एखाद्या ठिकाणी सेकंदाचा अगदी छोटा अंश थांबतं, तेवढ्यात डांबर घट्टच राहतं. पार्किंगमध्ये तेच चाक सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एकाच जागी उभं असतं. त्यात हल्ली पॉवर स्टिअरिंगमुळे गाडी जागेवर ठेवून चाक पूर्ण वळवणं सोपं झालंय. तापलेल्या थरावर असं चाक फिरलं की वरची गिट्टी उपटून निघते. पार्किंगच्या वळणांवर, गेटच्या तोंडाशी अर्धगोलाकार ओरखडे दिसतात ते याचे.

तिसरा फरक लोकांच्या लक्षातच येत नाही. डांबराला रहदारी हवी असते. कणीक तिंबल्याने मऊ राहते तसं चाकांच्या येण्याजाण्याने वरचं डांबर दाबलं जातं, बारीक भेगा मिटत राहतात. जिथे दिवसाला चार गाड्या येतात त्या अंगणात हे घडत नाही. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन यांनी डांबरातला तेलकट अंश कमी होत जातो, काळा रंग राखाडी होतो, थर ठिसूळ होतो आणि एक दिवस झाडू मारताना गिट्टी सुट्टी होऊन येऊ लागते. रस्ता वापराने झिजतो, अंगणातलं डांबर न वापरताही वाळून जातं. ‘आमच्याकडे एकच तर गाडी आहे, रस्ता खराब होईलच कसा’ हा प्रश्न म्हणून चुकीच्या टोकाकडून विचारलेला असतो.

देशातल्या रस्त्यांचा विचार ज्या शहरात बसून झाला ते हेच नागपूर. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) उभी राहिली. महायुद्ध चालू असतानाच डिसेंबर १९४३ मध्ये सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांचा आराखडा ठरला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही आज आपल्या तोंडी असलेली वर्गवारी त्या ‘नागपूर योजने’ची. दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता हे तिचं उद्दिष्ट होतं आणि ते मुदतीआधीच गाठलं गेलं. पुढे याच परंपरेतून रस्ते बांधण्याच्या संहिता आल्या. थरांची जाडी ठरवायला आयआरसी ३७, डांबरी मिश्रणांना आयआरसी १११, देखभालीला आयआरसी ८२. फार मोलाचं काम आहे हे. पण त्याचा सगळा भर धावत्या वाहनांवर आहे, आणि वाहन दिवसाचे वीस-बावीस तास उभं असतं. ते उभं राहतं ती जागा बांधताना ना निविदा निघते, ना कोणी अभियंता मिश्रणाचं तापमान मोजतो. सोसायटीचे सचिव आणि ठेकेदार यांच्यात तोंडी सौदा होतो, ‘दोन इंच मारून देतो’ एवढ्यावर. हे प्रकरण त्या सचिवांसाठी आहे.

पहिला प्रश्न जमिनीचा. नागपूर शहर दोन भूगर्भांच्या सीमेवर वसलंय. पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण, सीताबर्डीची टेकडी त्यातलीच. पूर्वेकडे जुने ग्रॅनाइटी आणि वालुकाश्माचे खडक. बेसाल्ट झिजून जी माती झाली ती आपली काळी, कापसाची. शेतकऱ्याला ती भारी जमीन म्हणून हवीशी, बांधकामवाल्याला नकोशी. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पापुद्र्यांच्या फटींत पाणी ओढून घेतं आणि फुगतं, पाणी गेलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात त्याच जागी पाय ओढून काढावा लागतो. ही माती डांबराखाली गेली म्हणून तिचा धर्म बदलत नाही.

होतं असं. रुंद रस्त्याच्या मधोमध खालची माती झाकलेली राहते, तिच्यातला ओलावा वर्षभर फारसा हलत नाही. कडेची माती मात्र पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात कोरडी पडते. म्हणून काळ्या मातीवरच्या रस्त्यांना पहिली भेग कडेपासून हात-दोन हात आत, रस्त्याला समांतर पडते. आता दहा फूट रुंदीचा बंगल्याचा रस्ता घ्या. त्याला मध्य असा उरतच नाही, तो सगळा कडाच आहे. आणि नागपूरच्या घरात मार्चपासून जूनपर्यंत कूलर चालतो. कूलरचं सांडपाणी, टाकी धुतल्याचं पाणी, भरून वाहणारं पाणी भिंतीलगत, म्हणजे नेमकं डांबराच्या एका कडेला मुरतं. आजूबाजूची जमीन आकसून भेगाळलेली असताना तेवढी एक पट्टी फुगते. त्या बाजूने डांबर उचललं जातं, तडकतं, आणि दोष उन्हाला दिला जातो. कूलरची नळी गटारापर्यंत नेऊन सोडणं ही डांबराची सगळ्यात स्वस्त देखभाल आहे. गंमत म्हणून नाही, पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

काळ्या मातीवर बांधायचंच असेल तर ती काढून तिथे चांगला मुरूम भरायचा. मोठ्या कामात यासाठी अर्धा ते एक मीटर खोल न फुगणाऱ्या मातीचा थर सुचवलेला असतो. घरगुती कामात एवढं खोदणं परवडत नाही, पण निदान फूटभर माती निघावी आणि मुरूम पाणी मारून, थराथराने, रोलरने दाबला जावा. चुना मिसळून काळी माती स्थिर करण्याचा उपायही जुना आणि खात्रीचा आहे. मुरमावर गिट्टीचा सहा इंचांचा थर, तोही दाबलेला. आणि या सगळ्यावर डांबर. लोक पैसे काळ्या थराचे मोजतात, कारण तो दिसतो. मोटारीच्या पार्किंगला त्याची जाडी दीड-दोन इंच पुरते. खालच्या दीड फुटात काय आहे, यावर तो पाच वर्षं टिकणार की पंधरा, हे ठरतं. काम द्यायच्या आधी एक खड्डा खणून बघा. मुरूम किती आणि काळी किती ते पाच मिनिटांत कळतं.

डांबर कोणतं घ्यायचं? साध्या पार्किंगला व्हीजी-३०. वाडीतली गोदामं, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांची आवारं, कळमना बाजारासारखी ठिकाणं, जिथे भरलेले ट्रक तासन्‌तास उभे राहतात तिथे व्हीजी-४० मागावं. ते ६० अंशांना व्हीजी-३० पेक्षा घट्ट असतं. ट्रेलरचा पुढचा ट्रक सोडवून घेतला की मागचा डबा ज्या दोन लोखंडी पायांवर उभा राहतो, त्या पायांखाली कुठलंही डांबर टिकत नाही. तेवढ्या पट्ट्यात सरळ काँक्रीट करावं.

डांबर अशोधित तेल शुद्ध करताना तळाशी उरतं, आणि तेल आपण आयात करतो. म्हणून पर्यायाचा शोध चालू आहे, आणि त्यातला एक प्रयोग नागपूरच्या दारातच झाला. २१ डिसेंबर २०२४ रोजी मनसरजवळ, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, जैव-डांबराच्या १ किलोमीटर पट्ट्याचं उद्‌घाटन नितीन गडकरींच्या हस्ते झालं. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेबरोबर पुण्याची प्राज इंडस्ट्रीज त्या कामात होती. झाडांना आणि पिकांच्या काडाला ताठपणा देणारं लिग्निन हे द्रव्य डांबराच्या काही हिश्शाऐवजी त्यात वापरलं आहे. रामटेकला जाताना त्या रस्त्यावरून गेलात तर चाकाला काही फरक जाणवणार नाही, आणि तीच त्या प्रयोगाची परीक्षा आहे.

आता काम प्रत्यक्ष पडण्याचा दिवस. डांबरीकरणात सगळा खेळ तापमानाचा. व्हीजी-३० चं मिश्रण प्लांटमधून १५० ते १६५ अंशांना निघतं, जागेवर पसरताना निदान १४० असावं आणि ते ९० वर यायच्या आत रोलरचं काम संपावं. दोन-तीन इंचांचा थर ही उष्णता बराच वेळ धरतो. एक इंचाचा थर थंडीतल्या वाऱ्यावर पाहता पाहता गार होतो. त्यानंतर रोलर कितीही फिरवला तरी गिट्टी फुटते, दबत नाही. न दबलेल्या थरात पोकळी राहते. पोकळी शेकडा आठच्या वर गेली की ती छिद्रं एकमेकांना जोडली जातात आणि पाणी थरातून आरपार उतरू लागतं. वरून बघणाऱ्याला काम काळंभोर आणि गुळगुळीत दिसतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात गिट्टी सुटते. म्हणून ट्रक आला की त्यातल्या ढिगात थर्मामीटर खुपसायचा. हॉटेलात वापरतात तो धातूच्या काडीचा थर्मामीटर चालतो, फक्त २०० अंशांपर्यंतचा हवा. ट्रकवर ताडपत्री असलीच पाहिजे. आणि धरमकाट्याची पावती मागून घ्यायची.

पावती का, तर हिशेबासाठी. हजार चौरस फूट जागेवर ३० मिलिमीटर दबलेला थर हवा असेल तर साडेसहा टनांच्या आसपास मिश्रण लागतं, आणि त्यात साधारण साडेतीनशे किलो डांबर असतं. चार टन माल आला असेल तर थर ३० चा झालेला नाही, मग कोणी काही सांगो. पसरताना थर पाव हिश्शाने जाड दिसतो, कारण रोलरखाली तो दबणार असतो. ‘दोन इंच’ म्हणजे दबण्याआधीचे की नंतरचे, हे कामाच्या कागदावर लिहून घ्यावं. भांडणं बहुतेक याच शब्दांवरून होतात.

हिशेबाची खातरजमा मोठ्या कामावरही करता येते. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनेस विक्रम झाला. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या कामाचा होता, २५ किलोमीटरच्या थोडा वर. आपल्या कामाला ३६,६३४ टन मिश्रण लागलं आणि त्यात २,०७० टन डांबर होतं. भागाकार केला तर शेकडा साडेपाचच्या किंचित वर येतात. ७२० माणसं ३ जूनच्या सकाळपासून ७ जूनच्या संध्याकाळपर्यंत पाळ्यांनी राबली, तेही विदर्भाच्या जूनमध्ये, दीडशे अंशांच्या वाफेत. विक्रमाची बातमी झाली ती वेगामुळे. मला त्यातली ‘सलग’ ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. काम जिथे थांबतं तिथे आडवा सांधा तयार होतो आणि जुना गार थर नव्या गरम थराला नीट चिकटत नाही. सलग कामात असे सांधे अगदी कमी. पार्किंगच्या कामात याच्या उलट. इथे खांब, तिथे झाकण, पलीकडे कडुनिंबाचं आळं. पेव्हर मशीन फिरायला जागा नसते, माणसं घमेल्याने माल टाकून फावड्याने पसरतात, दर दहा फुटांवर सांधा. प्रत्येक सांध्याची जुनी कड सरळ कापून तिला टॅक कोट लावणं, झाकणाभोवती हाताच्या धुमसाने ठोकणं, ही कामं वेळ खातात आणि संध्याकाळी घाईत सुटतात. पार्किंगमधली बहुतेक भोकं नंतर नेमकी या ठिकाणी पडतात.

टॅक कोट म्हणजे जुन्या थरावर इमल्शनचा हलका फवारा, चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास. पाण्यात डांबराचे सूक्ष्म थेंब तरंगत ठेवलेले असतात. फवारल्यावर ते तपकिरी दिसतं, पाणी सुटलं की काळं होतं. काळं होईपर्यंत थांबायचं. धुळीवर फवारलं तर ते धुळीलाच चिकटतं, म्हणून आधी झाडून, फुंकून जागा साफ हवी. जुन्या डांबरावर नवा थर टाकून वर्षाच्या आत तो पापुद्र्यासारखा उचलला गेला, तर बहुधा इथेच कसूर झालेली असते.

पाण्याचा विषय एवढा मोठा आहे की बाकीचं सगळं त्याच्यापुढे लहान. नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. डांबर आणि दगड यांच्यात पाणी शिरलं की दगड पाण्याला जवळ करतो आणि डांबर सोडतो. बेसाल्टच्या गिट्टीला डांबर बऱ्यापैकी धरतं, गारगोटीच्या जातीच्या दगडाला कमी. म्हणून गिट्टी कुठल्या खाणीची हे विचारण्यात अर्थ आहे. मिश्रणात दोन टक्के विझवलेला चुना घातला तर ही पकड सुधारते. पण मूळ उपाय उताराचा. मीटरला २ सेंटिमीटर. दहा मीटरच्या रस्त्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक पायरी. एवढा उतार डोळ्याला दिसत नाही. काम झाल्यावर टँकरने किंवा पाइपने पाणी सोडावं आणि अर्ध्या तासाने कुठे साचलंय ते खडूने आखून ठेकेदाराला दाखवावं. पैशाचा शेवटचा हप्ता त्यानंतर.

नागपुरात या उताराची आणखी एक अडचण गेल्या दशकात वाढली. शहरातले अनेक डांबरी रस्ते सिमेंटचे झाले. सिमेंटचा थर जुन्या रस्त्यावर चढला तिथे रस्ता अंगणापेक्षा उंच झाला. पूर्वी घराचं पाणी रस्त्यावर जायचं, आता रस्त्याचं पाणी घरात येतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत माणसं घरात अडकली. त्या आपत्तीची कारणं वेगळी आणि मोठी आहेत. पण रोजच्या पावसातसुद्धा ज्यांचं अंगण खोलगट राहिलंय त्यांनी डांबर टाकण्यापूर्वी पाण्याला वाट करावी. गेटच्या आत आडवी जाळीची नाली, तिचा उतार पावसाळी गटाराकडे, आणि मग रस्ता. हा क्रम उलटला तर डांबराचं तळं होतं.

दुरुस्तीकडे वळू. तेलाचे डाग पार्किंगलाच पडतात. डांबर पेट्रोलियमचं, त्यामुळे पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल त्याला विरघळवतात. ठिबकणाऱ्या गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवावा. डाग मऊ झालाच असेल तर वरून नवा थर देऊन भागत नाही, तेवढा तुकडा कापून काढावा लागतो.

केसाएवढ्या भेगा दिसू लागल्या की ऑक्टोबर-नोव्हेंबरात पातळ केलेलं इमल्शन, चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर, फवारून वर बारीक चुरी टाकावी. रुंद भेग असेल तर आधी हवेने साफ करून इमल्शन आणि चुरीचा लगदा भरावा. हे हजारांतलं काम आहे, आणि ते टाळलं की दोन वर्षांत लाखांतलं होतं. सीलकोट म्हणून काळा चकचकीत रंग मारून देणारेही फिरतात. तो कोळशाच्या डांबराचा असेल तर घेऊ नये. त्यातले बहुचक्रीय हायड्रोकार्बन आरोग्याला घातक आहेत, आणि अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराने पार्किंगवर असा लेप लावायला २००६ मध्येच बंदी घातली.

खड्ड्याचं काम मात्र नीट शिकून घेण्यासारखं आहे, कारण ते रोज डोळ्यांदेखत चुकीचं होतं. खड्ड्यात मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे गट्टू टाकतात. पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो आणि खड्डा आधीपेक्षा मोठा. बरोबर पद्धत अशी. खड्ड्याभोवती, चांगलं डांबर लागेपर्यंत बाहेर जाऊन, चौकोन आखायचा. कटरने कापून कडा उभ्या करायच्या. आत जे सुटं, ओलं, मऊ आहे ते सगळं काढायचं, गिट्टीचा थरही भिजला असेल तर तोही. तळ कोरडा करून धुमसायचा. तळाला आणि चारही कडांना टॅक कोट. कडा विसरल्या तर पाणी तिथूनच उतरतं. मग गरम माल थराथराने, प्रत्येक थर ठोकून, आणि शेवटी आजूबाजूपेक्षा तीन-चार मिलिमीटर उंच ठेवायचा, कारण चाकांखाली तो अजून दबेल. चार फुटांच्या चौकोनाला दोन माणसांचा अर्धा दिवस लागतो. ठेकेदार वीस मिनिटांत करून देतो म्हणाला तर यातलं काय वगळणार ते विचारावं.

भर पावसात गरम माल मिळत नाही. नागपूर महापालिकेचा स्वतःचा हॉट मिक्स प्लांट आहे, पण ओल्या गिट्टीवर आणि ओल्या रस्त्यावर गरम डांबराचं काम कोणीच करू शकत नाही. त्या दिवसांसाठी पिशवीत मिळणारं थंड मिश्रण असतं, आयआरसी ११६ मध्ये त्याची मानकं दिली आहेत. तेही चौकोन साफ करूनच भरायचं, आणि दिवाळीनंतर काढून पक्कं काम करायचं.

आणि खरं सांगायचं तर सगळीकडे डांबर टाकूच नये. एकाच गाडीच्या अंगणाला चांगल्या मुरमावर बसवलेले गट्टू जास्त शहाणपणाचे. जमीन हलली तर उचलून पुन्हा बसवता येतात, फटींतून थोडं पाणी मुरतं. डांबर शोभतं ते मोठ्या जागेला, जिथे मशीन फिरू शकतं आणि रहदारी आहे. झाडाच्या बुंध्याला टेकवून तर कधीच टाकू नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती १ मीटर जागा मोकळी ठेवायचा आदेश दिला होता. तो नियम नागपूरच्या कडुनिंबालाही लावावा. पार्किंगवर ज्या झाडाची सावली पडते त्या जागेचं डांबर उघड्यावरच्या डांबरापेक्षा कितीतरी थंड राहतं आणि जास्त जगतं, हे कोणत्याही दुपारी हात लावून पाहता येईल.

नागपूरच्या हवेत वर्षाचं वेळापत्रक सोपं आहे. पाऊस सरला की ऑक्टोबरात एक फेरी मारून भेगा, खळगे आणि सुटलेल्या कडा खडूने आखायच्या. नोव्हेंबरात भेगा भरायच्या. नवा थर टाकायचा तर फेब्रुवारी-मार्च उत्तम. गार वारा नसतो, माल गरम राहतो आणि पावसाच्या आधी थराला बसायला तीन महिने मिळतात. डिसेंबर-जानेवारीत करायचंच असेल तर सकाळी अकराच्या आधी सुरुवात नको. एप्रिल-मेमध्ये टाकलेल्या नव्या थरावर पहिले काही दिवस गाड्या उभ्या करायच्या नाहीत, दुपारी तर नाहीच. मेच्या शेवटी जाळ्या आणि नाल्या उपसून घ्यायच्या, मृगाच्या आधी.